पडद्यामागचा हरभरा

तुम्ही विचारता ना, मत हात वर करून द्यावं की गुपचूप, तर माझं ऐका.

आमच्या छत्रीबागेतल्या महिला मंडळात आधी हात वर करूनच अध्यक्ष निवडायचे. दर वेळी माझी शेजारीण कमल. पण सुना सासूकडे बघून हात वर करायच्या, म्हणून यंदा माझी नात बोलली, "आजी, गुप्त मतदान करा."

आमच्यातल्या बऱ्याच जणींना लिहिता येत नाही, मला पण नाही. यंदा कमलसमोर मी उभी होते. मग ठरलं, कमलला गहू, मला हरभरा. एकेकीनं पडद्यामागं जाऊन एकच दाणा मडक्यात टाकायचा.

मी आत गेले. कोणी बघत नव्हतं. हरभरा उचलला नि मडक्यात टाकला.

नातीनं मडकं उलटं करून मोजलं. मी एका दाण्यानं जिंकले. सुना खूश, पहिल्यांदाच मनासारखं मत दिलं म्हणून.

घरी येताना कमलनं मंडळाच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "मी पण तुलाच दाणा टाकला, बाई. स्वतःलाच टाकणं अच्छा नहीं लगता." मग हळूच विचारलं, "तू मला टाकला ना?"

"हो, और क्या," मी म्हटलं.

सुनांना पडदा पाहिजेच होता, हे खरं. पण सगळ्यांसमोर स्वतःसाठी माझा हात उठला नसता.

किल्ली माझ्याकडेच आहे. कपाट उघडायला मात्र मी दर वेळी कमलला बोलावते.