आजींचा बुधवार

हॅलो?… हां, बोल… नाही, व्हायवाचं नंतर. आधी सांग, मॅडमनी पहिल्याच दिवशी काय बजावलं होतं?… अगं ते नाही, मुलाखतींबद्दल! ‘ज्यांच्या घरी जाणार, त्यांना शेवटची भेट कधी ते आधीच सांगून ठेवा. तुमचा अभ्यास संपेल, त्यांचं वाट बघणं नाही संपणार.’… हो ना. आणि मी हसले होते. म्हटलं, आजी उलट ‘सुटले बाई’ म्हणतील…

कुठल्या काय? माझ्या बटणवाल्या आजी! अख्खा लघुप्रबंध ज्यांच्या प्रार्थनेवर लिहिला त्या… हो, त्याच. शर्टांना बटणं लावता लावता देवाशी बोलतात. एका बटणाला एका माणसासाठी मागणं…

अगं ऐक ना. पाच महिने दर बुधवारी चार वाजता मी तिथे, लेकीला कडेवर घेऊन. ही बसायला शिकली ती त्यांच्याच कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकून… हो, रेकॉर्डिंगमध्ये आहे ना हिचं रडणं, मी तेही तसंच उतरवलं! मॅडमनी समासात लिहिलंय, ‘हे निवेदन कोणाचं?’… हसू नकोस गं.

तर प्रबंध दिला आणि मी जायचीच थांबले. गेल्या बुधवारी त्यांचाच फोन… ‘चहा टाकू का?’ म्हटलं, हिला ताप आहे, उद्या कळवते. तर म्हणाल्या, ‘मग आज सगळी बटणं हिचीच.’… हो… आणि मी कळवलंच नाही… विसरले नाही गं, लाज वाटली. काय सांगणार होते? तुमचं काम झालं म्हणून?

आज सकाळपासून अकरा वेळा लावला. नुसती रिंग जाते… नाही, बाहेर कुठे जातात त्या? शर्टसुद्धा घरपोच येतात… थांब हं. ए, वायर सोड! तोंडात नको!… तुला नाही, हिला.

मी निघाले असते गं, पण हिला आज परत कणकण आहे…

विचारू देत उद्या व्हायवात ‘प्रार्थना म्हणजे काय’! चाळीस पानं लिहिलीत मी. आजींना विचारलं होतं, देव उत्तर देतो का हो? तर म्हणे, ‘मी त्याला बोलू दिलं तर ना!’… हो, अशाच आहेत त्या… नाही, रडत नाहीये.

तू हॉस्टेलवरच आहेस ना?… मग मागच्या गेटने दोन गल्ल्या. इस्त्रीवाल्याच्या वर, हिरवं दार. जोरात वाजव, ऐकू कमी येतं. नाहीच उघडलं तर जादा किल्ली इस्त्रीवाल्याकडे असते… नाही ना, त्याचा नंबर असता तर तुला कशाला पळवलं असतं?… हो, हो. आणि उघडलं, तर मला लावून फोन सरळ त्यांच्या हातात दे… नाही गं, विचारायचं काहीच नाही उरलेलं. नुसतं बोलायचंय.

चप्पल घातलीस?… अगं मग बोलतेस काय, जा ना! बघून ये त्यांना. ठेवते.