आत्या आणि देवीचा डॉक्टर

परवा आमच्या माळशिरसच्या आत्यानं मलाच काहीतरी शिकवलं बघा. सोलापुरात माझ्याकडं राहायला आली होती. मी शाळेत विज्ञान शिकवते, तर तिला देवीची लस शोधणाऱ्या इंग्रज डॉक्टरची गोष्ट सांगत होते. आत्याच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. तिची धाकटी बहीण त्याच साथीत गेली.

"त्येला औषिद घावलं कसं गं?" तिनं विचारलं.

"तिकडची एक गवळण म्हणाली, गाईच्या आचळावरच्या फोडांची लागण झाली की माणसाला देवी येत नाहीत. मग त्यानं ते तपासून पाहिलं."

 आत्यानं हात जोडले.

"येवढा शिकलेला डागदर, अन् धारा काडणाऱ्या बाईचं ऐकून घेतलं त्येनं!"