नव्या डिस्कला हात लावू नका

तुम्हाला खोटं वाटंल, पण हे मी डोळ्यानं पाह्यलंय. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत सर्व्हरच्या चारपैकी एक डिस्क गेल्ती. मी नवी टाकली. बाकीच्या तिन्हींवरून तिच्यात डेटा भरून राह्यला होता. मधेच त्यातली एक जरी काढली, तरी सगळं संपलं.

"काका, या नव्या डिस्कला हात लावू नका," असं फोरमनकाकांना बजावून मी जेवायला गेल्तो.

परत आलो तर तिन्ही जुन्या डिस्क ताटात. हळदीकुंकू लावलेल्या, वर झेंडूची फुलं. बियाण्याच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी त्या ताटात.

"काका, हे काय केलं?"

"खंडेनवमी हाय ना साहेब. पण नव्या डिस्कला बिलकुल हात न्हाई लावला."