झिंकची पुडी

प्रॅक्टिकलचं नाव काढू नका बे. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. औषध कंपनीत केमिस्ट म्हणून निवड झालती, फक्त पास व्हायचं राहिलतं. परीक्षेत पिन मारलेल्या कागदाच्या पुडीत पावडर देतात, ती कशाची हाय ते टेस्ट करून लिहायचं. मला पुडी मिळाली अन् सुरुवात कुठनं करावी तेच सुचंना. तेवढ्यात लॅबमधले शिपाई शेषराव मामा मागून कुजबुजले, "झिंक हाय, लिही."

लिहिलं की! रंग पांढरा, अवक्षेप पांढरा, सगळं पाठच होतं.

परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या सरांनी वही चाळली. "सगळ्या टेस्ट केल्या?"

"हो सर."

"मग पुडीची पिन का काढली न्हाई?"

मी पुडीकडं बघितलं. पिन जशीच्या तशी होती.

"उघड," सर म्हणले.

उघडली, तर आत निळंशार मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट! आष्टीला आमच्या डाळिंबावर मी लहानपणापासून फवारत आलतो ते. नुसतं बघितलं असतं तरी वळखलं असतं.

"सर, नोकरी जाईल हो माझी..."

सरांनी मामांकडं बघितलं. मामा लगेच बेसिन घासायला लागले.

"बस, पयल्यापासून कर," सर हळूच म्हणले. "मी ह्याच टेबलावर नापास झालतो. मामा तवाबी झिंकच म्हणलते."