कळस दाखवायची घाई

मंडळी, आधी एक सांगा — देवाला जाताना केलेला गुन्हा देव पोटात घालतो का हो? माना डोलवू नका, ऐका!

गडहिंग्लजचा रंगनाथ चौगुले, शेजारी बायको सुलभा. गाडी निघाली यल्लम्माच्या डोंगराला. घरी आई अक्काताई उपाशी — लेकानं फोनवर कळस दाखवल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायची नाही! कर्नाटकाची हद्द ओलांडली, आईचा फोन आला आणि रंगनाथनं तो घेतला हातात. सुलभा म्हणाली, "अहो, ठेवा की तो!" तर हा म्हणतो, "आपले पोलीस मागं राहिले गं!"

वा रे शहाण्या! कायदा काय हद्दीवर चपला काढून बसतो? हातात फोन धरून गाडी हाकणं सबंध देशात गुन्हा — इकडं तसाच तिकडं! परमुलखात तर जास्तच जपावं माणसानं.

वळणावर कळस दिसला. झालं! एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्यात फोन — "आई, बघ, बघ!"

सुलभाचा जीव टांगणीला. "गाडी बाजूला घ्या, मग दाखवा! देऊळ काय पळून जातंय?"

"गप! आई ताटकळलीय तिकडं."

आणि पुढं कोण होतं? नवस फेडायला रस्त्याच्या कडेनं दंडवत घालत निघालेला म्हातारा — बसाप्पा! पालथा पडलेला, हात पुढं जोडलेले. रंगनाथची नजर वर कळसावर, माणूस खाली! सुलभानं किंचाळून स्टेअरिंगला हिसका दिला. डोकं वाचलं, मंडळी. हात नाही वाचले! चाक दोन्ही मनगटांवरून गेलं.

सुलभा धावली, पदर फाडून त्याचे हात बांधले. पोलीस आले. रंगनाथ गयावया करतो, "साहेब, आम्ही बाहेरगावचे, इकडचा कायदा ठाऊक नव्हता."

सुलभा ताडकन उठली. अंगावर त्या म्हाताऱ्याचं रक्त! "खोटं बोलतायत, साहेब! सगळं ठाऊक होतं. मी बायको आहे यांची, मी सांगते — लिहून घ्या!"

रंगनाथवर दात खाताय ना, मंडळी? खा! पण माणूस गाडी चालवतोय हे माहीत असून "कुठं पोचलास, दाखव की" म्हणत घरून फोन कोण लावतं? तुम्हीच ना? मग बसाप्पानं आता देवीपुढं हात कसे जोडायचे, हेही सांगा!