मोहाच्या दिवसांतलं फाटक

...नाही, मला वाटलं होतं मुलं बुजरी असतील, रडतील, आईचा पदर सोडणार नाहीत, आणि मी कापडी बाहुल्या घेऊन दारात उभी! तुम्हाला सांगते, मी इथलीच, सालेकशाची, पण पाचवीपासून पुण्याच्या वसतिगृहात, आणि तिथे शिकले काय, तर मुलांचं शाळेतलं समायोजन. समायोजन, म्हणे! इथे मास्तरीण होऊन येते तर रडायलासुद्धा कुणी हवं ना? एप्रिलात ऊन म्हणून सकाळची शाळा, घंटा सातला, आणि वर्गात मी, दोन बाहुल्या आणि एक पाल.

मुलं कुठे? मोहाखाली. फुलं पहाटे गळतात, वेळेत वेचली नाहीत तर गुरं खातात, म्हणून अख्खं घर झाडाखाली, पहिलीतली मंगलीसुद्धा. मुख्याध्यापक दुर्गाप्रसाद सर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत म्हणाले, "टेन्शन नका घेऊ म्याडम, हर साल का है. नऊला येतेत पोरं." अहो, पण ही सकाळची शाळा काढली कुणासाठी?

मी मात्र ठाम! ठरलेल्या वेळेनं मुलाला सुरक्षित वाटतं, पुस्तकातच होतं. लावलं फाटक सव्वासातला. नऊला मंगली आली, धावत, केसांत पाचोळा, बोटं चिकट, पाठीवर दप्तर. सर सांगतात, वर्षभर मुकी बसलेली ही पोर; गेल्याच आठवड्यात माझ्यापाशी पहिल्यांदा बोलली होती, स्वतःचं नाव. फाटकापाशी उभी राहिली... आणि गेली परत. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही. समायोजन, म्हणे!

संध्याकाळी गेले तिच्या घरी, पालकांना शहाणं करायला. आईबाप अंगणात फुलं पसरत होते. मी सुरू... घरचं वातावरण, झोप, दिनक्रम, हरवलेलं बालपण! बाप, जंगलू, सगळं ऐकून म्हणाला, "पोरगी तं रोज येऊन राहिली होती, म्याडम. फाटक कोनं लावलं?"

आता कुठलं पुस्तक काढू? अहो, ही पोर मोहाखाली अस्वल दिसलं तर डबा बडवते. ती घाबरते कुणाला? मला! आईच्या मागून हळूच विचारते, "उद्या उघडं राहीन का?"

लगेच तालुक्याच्या शिक्षणाधिकारी साहेबांना फोन केला, म्हटलं मोहापुरती शाळा नऊची करा. म्हणाले, आदेश वरचा आहे, मुलांना ऊन लागतं. मी म्हटलं, आणि मुलंच नसली तर ऊन कुणाला लागतं? यावर म्हणाले, आवाज तुटतोय.

मग आज सकाळी ठरवून टाकलं. शाळा दोन भरवायच्या. एक सातला, आदेशाची. एक नऊला, पोरांची, छपराचे पत्रे तापेतो, फाटक सताड उघडं. सातच्या शाळेत मी एकटीच असणार. शिस्त मात्र उत्तम राहील.