बेटावरचं शून्य

रूली : कोण आहेत हा अहवाल लिहिणारे लोक, वोल्टर? आयसेल नदीच्या पाण्यात कधी बूट तरी भिजवलेत त्यांनी? ऊबदार खोलीत बसून खुशाल छापतात, 'वाळूचं बेट. संध्याकाळी मुक्कामाला येणारे कुरव पक्षी : शून्य. बोटींच्या धक्क्याला हरकत नाही.' शून्य म्हणे! बेट खरवडून दिवे लावणार, आणि म्हणे हरकत नाही!

वोल्टर : हळू गं. बदकं उठतील.

रूली : उठू देत. त्यांनाही कळू दे, कागदावर कुरव मेलेत.

वोल्टर : एकशे बारा, एकशे तेरा... झालं, चुकलो. बहिणीला बरोबर आणलं की हे असं.

रूली : तेवीस वर्षं झाली, दर जानेवारीत मोजायला आणतोयस.

वोल्टर : तेवीस वर्षं चुकतोय मग. ते सोड, त्या खांबाशी बघ. बर्फासारखं पांढरं बदक, डोळ्याभोवती काळं.

रूली : अगं बाई! एक नाही, तीन आहेत! आले तर उत्तरेचे पाहुणे. सरक, दुर्बीण दे.

वोल्टर : आता कोण ओरडतंय?

रूली : हे ओरडणं वेगळं. बरं, तो कागद पुरता वाचलास? आकडा कुणाचा म्हणतायत?

वोल्टर : चष्मा घरी राहिला.

रूली : पलीकडच्या काठावरच्या बदकाची पापणी दिसते तुला. वाच.

वोल्टर : '...मोजणी : डब्ल्यू. आस्सिंक.'

रूली : तू?

वोल्टर : मीच. त्यांच्या तक्त्यात संध्याकाळचा रकाना असतो. मोकळा ठेवला की तक्ता परत येतो. मग मी शून्य टाकतो.

रूली : दरवर्षी? न बघता?

वोल्टर : कसं बघणार? चारला घरी यायचं, वाटाण्याचं सूप दुसऱ्यांदा गरम करणार नाही, हा दम कुणाचा?

रूली : ...माझा.

वोल्टर : मग.

रूली : आज सूप नाही. बस खाली. पाव आहे, चीज आहे.

(पावणेपाच वाजतात.)

वोल्टर : आले कुरव. चर्चच्या मनोऱ्यावरून येतायत, बघ.

रूली : शेतांकडूनही येतायत! अरे देवा, बेट दिसेनासं झालं. एवढी वर्षं आपण हे सोडून सूप ओरपत होतो?

वोल्टर : बोलू नकोस, मोजणीयंत्राचं बटण दाब.

रूली : दाबतेय. अंगठा दुखला माझा.

वोल्टर : किती?

रूली : दोन हजार एकशे चाळीस. तुझे?

वोल्टर : दोन हजार शंभर. कमी असेल तो लिहायचा, बाबांचा नियम.

रूली : मग दोन हजार शंभर. काढ वही, त्यांना पत्र लिही. 'शून्य आमचं होतं. आम्ही सूप प्यायला घरी गेलो होतो.'

वोल्टर : सूप कशाला घालतेस त्यात?

रूली : खरं आहे म्हणून. पुढे लिही. 'पण तेवीस वर्षांत तुमच्यातलं एकही माणूस एकाही संध्याकाळी इथं आलं नाही. का?'

वोल्टर : '...का?' हं.

रूली : 'गुरुवारी पावणेपाचला आम्ही बांधावर असू. दुर्बीण आमची, सूपही आमचं. येताय की नाही, तेवढं कळवा.'